वय अंदाजे ४५, धंदा शेती

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की गोष्टीतलं माणूस उभं राहिलं पाहिजे. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला, आणि निम्म्यांहून जास्त पत्रांत एकच विचारणा: ‘उभं करायचं म्हणजे नक्की काय करायचं ते सांगा की.’ रास्त आहे. पण मी समीक्षक नव्हे. बेळगावात कोर्टाच्या बाजूला आधी टाईपरायटर घेऊन बसायचो, आता कॉम्प्युटर घेऊन बसतो, याला ३१ वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, वारसा, नावातली दुरुस्ती, भाऊबंदकीचे अर्ज. लोक मराठीत सांगतात, मी कन्नडात नाहीतर इंग्रजीत टाईप करतो, आणि रात्री घरी जाऊन मराठीत गोष्टी लिहितो. तेव्हा उत्तरं त्या टेबलावरूनच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: माझ्या गोष्टीतल्या सासऱ्यांचं वर्णन मी सव्वा पान केलं आहे. उंची, वर्ण, धोतर, फेटा, स्वभाव वरून कडक पण आतून प्रेमळ. संपादकांनी ‘माणूस दिसत नाही’ असा शेरा मारून गोष्ट परत पाठवली. अजून किती वर्णन करायचं? – एक शिक्षिका, खानापूर

बाई, तुम्ही प्रतिज्ञापत्र लिहिलंत. माझं रोजचं काम तेच आहे, म्हणून लगेच ओळखलं. ‘मी खाली सही करणार, अमुक, वय अंदाजे ४५ वर्षे, धंदा शेती, राहणार तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की…’ यात एक शब्द खोटा नसतो. आणि या मजकुरावरून तो माणूस तुम्हाला बाजारात ओळखता येईल का? नाही येणार. तो शंभर जणांना चालणारा मजकूर आहे, म्हणून तर मी तो कॉम्प्युटरवर तयार ठेवलाय. फक्त नाव बदलायचं.

आता एक प्रसंग सांगतो. वारसाच्या कामासाठी एक म्हातारे गृहस्थ आले होते. बायको वारलेली, जमीन तिच्या नावावर. मी विचारलं, मुलं किती? त्यांनी बोटं मिटायला सुरुवात केली. एक, दोन. तिसरं बोट मिटलं आणि परत उघडलं. मग मला विचारलं, ‘घर सोडून गेलेला धरायचा काय?’ मी म्हटलं, धरायलाच पाहिजे, कायद्यानं तोही वारस. ते बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘धरा मग. पण शेवटी लिहा.’ मी नावं आणि वयं घेतली तेव्हा कळलं, की तो सगळ्यात थोरला.

फेटा होता का? असेल. मला आठवत नाही. ते बोट आठवतं.

तुमच्या सव्वा पानातली ‘वरून कडक पण आतून प्रेमळ’ ही ओळ आधी काढा. ती काढली की तुमची पंचाईत होईल, आणि ती व्हायलाच हवी. कारण मग हा कडकपणा कुठल्या दिवशी, कुणावर, कशावरून निघाला ते शोधावं लागेल. सासरे सुनेच्या हातचा चहा पितात, पण कपबशी स्वतः विसळून पालथी घालतात, असं काही सापडलं तर ते कडक आहेत, प्रेमळ आहेत की बायको गेल्यापासून कुणाचं देणं नको म्हणून तसं करतात, हे वाचक स्वतः ठरवील. वाचकाला ठरवायला काही ठेवलंच नाही, तर तो बिचारा बसून काय करणार? धोतर ठेवा पाहिजे तर. पण ते धोतर कशात तरी अडकलं पाहिजे.

प्रश्न: मी कॉलेजात शिकतो. आमच्या गल्लीत बिड्या वळणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यातल्या एकीवर गोष्ट लिहितोय. तिच्या मनात काय चालतं ते मला ठाऊक नाही. ‘तिचं मन दुःखानं भरून आलं’ अशी वाक्यं खोटी वाटतात. – एक विद्यार्थी, निपाणी

खोटी वाटतात हे बरं लक्षण आहे. मन राहू दे बाजूला, आधी हात बघ.

ओलसर फडक्यात ठेवलेलं पान, मांडीवरचं सूप, कात्री, पत्र्याच्या मापानं कापलेला चौकोन, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, तोंड दुमडलं की पुढची. हे सगळं गप्पा मारत, न बघता. ते हात थांबत नाहीत; हजाराचा हिशोब असतो. म्हणून तू फक्त एवढंच टिपून ठेव, की दिवसभरात हात कधी थांबला. कुणाचं नाव निघाल्यावर? रस्त्यावरून कोण गेल्यावर? आणि कशानं थांबला नाही, तेही लिहून ठेव. पोराच्या शाळेतून बोलावणं आलं तरी थांबला नाही, हेसुद्धा त्या बाईबद्दल बोलतं.

दुसरी गोष्ट. संध्याकाळी माल तपासताना छाट निघते, म्हणजे वाईट म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्या. त्याची मजुरी नाही. तिथं तीन बायका उभ्या कर. एक भांडते. दुसरी काही न बोलता छाट पदरात घेते. तिसरीनं आपल्या कच्च्या बिड्या कट्ट्याच्या, म्हणजे बांधलेल्या जुडीच्या, मधोमध आधीच दडवलेल्या आहेत, आणि ती भांडणारीच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलतीय. प्रसंग एक, संकट एक, माणसं तीन. त्यांच्या मनात तुला शिरावंच लागलं नाही.

तुझ्याच गावात महादेव मोरे होते. पिठाची गिरणी चालवत गोष्टी लिहिल्या, आणि कष्टकऱ्यांबद्दलच लिहिल्या. गिरणीत डबा घेऊन येणारं माणूस लेखकासमोर बसल्यासारखं बसत नाही, ते दळण होईपर्यंत आपलं बोलत असतं. तशी एखादी जागा तूही बघून ठेव, जिथं तू ‘लेखक’ म्हणून बसलेला नाहीस.

अजून एक सांगून ठेवतो, कारण तुझ्या पत्रात १९८१ च्या तंबाखू आंदोलनाचा, भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले होते त्याचा, उल्लेख आहे आणि गोष्टीतली सासू त्यात होती असं तू म्हणतोस. असू दे. पण तिच्या तोंडी शेतमालाच्या भावावरचं भाषण घालू नकोस. हमरस्त्यावर बसलेल्या माणसाला पुढं चाळीस वर्षांनी काय आठवेल? कदाचित रात्रीची थंडी. कदाचित कुणीतरी दिलेली आणि आपल्या घरच्यापेक्षा बरी लागलेली भाकरी, आणि त्याची अजून वाटणारी लाज.

प्रश्न: आमची माणसं बोलताना मधेच कानडी, मधेच हिंदी बोलतात. मी तसंच लिहितो. पुण्याचे मित्र म्हणतात, कळत नाही, शुद्ध मराठीत लिही. काय करू? – विणकराचा मुलगा, वडगाव

शुद्ध करू नका. मित्रांना म्हणावं, सावकाश वाचा.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. ‘गणगोत’मधले त्यांचे रावसाहेब आमच्या गावचे, आणि त्यांच्या बोलण्यातली कानडी काढून टाकली तर रावसाहेब उरतच नाहीत. ते पुण्या-मुंबईतल्या लोकांनाही कळले. पण त्यातून आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनी एक वाईट खोड उचलली. बोली आली की हसायचं. नायक प्रमाण मराठी बोलणार आणि बोलीत बोलणार कोण, तर गडी, मोलकरीण आणि विनोदी मामा. याचा मला मनापासून राग येतो. सीमाभागात राहून आम्हीच हे करावं?

खरं तर आपल्याकडच्या लेखकाला यात एक फुकटचं घबाड मिळालंय. माणूस कुणासमोर कसा बदलतो, हे दाखवायला बाकीच्यांना खटपट करावी लागते. आपल्याकडे माणूस तोंडातली भाषाच बदलतो.

पावसाळ्यातली गोष्ट आहे. एक माणूस बायकोला घेऊन टेबलाशी आला. माझ्याशी अगदी पुस्तकी बोलत होता, ‘मी आपल्याकडे एका कामानिमित्त आलो आहे.’ शर्टाला इस्त्री, खिशाला पेन. तेवढ्यात फोन वाजला. मालकाचा असावा. हा ताडकन उभा राहिला. फोनवर बोलणारा माणूस याला बघू शकत नव्हता, तरी उभा राहिला. ‘हौद्री. हौद्री. बरतेन्री.’ आवाज अर्ध्यावर आलेला, मान हलतीय. बायको खाली फरशीकडे बघत होती. फोन ठेवला, बसला, आणि तिच्याकडं वळून म्हणाला, ‘काय बघूलालीस? जाऊलालो की आता.’ मग परत माझ्याकडे, ‘तर आपण काय म्हणत होतो?’ पण या वेळी पहिल्यापेक्षा जरा गुर्मीत. मालकानं दिलेलं बायकोवर काढलं, उरलेलं माझ्यावर.

मिनिटभरात तीन माणसं बघितली मी. आणि चौथी ती, न बोललेली. गोष्ट लिहायची तर मी तिच्याकडून लिहीन.

हे सगळं ‘शुद्ध’ करा बघू. एक चेहरा नसलेला गृहस्थ उरेल.

आता व्यवहाराचं. कानडी शब्दापुढं कंसात अर्थ देऊ नका, गोष्टीची शाळा होते. ‘बर्री, कूड्री’ म्हणून यजमानानं खुर्ची पुढं सरकवली, की पुण्यालाच काय नागपुरालाही कळतं. जिथं कृतीतून कळत नाही, तिथं विचारा की त्या वाचकाला तो अर्थ कळायला हवाच आहे का. कधीकधी समोरच्या पात्रालाही तो कळलेला नसतो. सोयरीक ठरवायला आलेली कोल्हापूरकडची मंडळी, आणि आतल्या खोलीत दोन बायका भराभर कानडीत काहीतरी ठरवतायत: तिथं वाचकानंही बाहेरच बसावं, पाहुण्यांबरोबर, हातात पोह्याची बशी घेऊन.

नावाचंही तेच. माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे ‘अमुक आणि तमुक या नावाची व्यक्ती एकच आहे’ असं लिहून देणं. एका बाईंची तीन नावं होती. शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मीबाई. कानडी घरात दिल्यावर लक्ष्मव्वा, रेशन कार्डावर तेच. आणि बँकेच्या पासबुकावर नुसतं लक्ष्मी. मी टाईप केलं, ‘वरील तिन्ही नावे माझीच असून…’ अंगठा उमटवण्याआधी त्यांनी मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. दोनदा. मग म्हणाल्या, ‘आई लक्षू म्हणायची. ते नको घालायला?’

मी म्हटलं, त्याचा कागद नाही. आज वाटतं, घालायला पाहिजे होतं. कोण वाचतंय एवढं.

तुमच्या पात्राला एकच नाव देऊन मोकळे होऊ नका. कोण त्याला काय म्हणतं, याची यादी करा. नवऱ्यानं अडचणीच्या वेळी वेगळं नाव घेतलं तर पान दोन पानांचं काम एका हाकेत होतं.

प्रश्न: गोष्ट लिहिण्याआधी प्रत्येक पात्राचा तक्ता करावा असं एका शिबिरात सांगितलं. जन्मतारीख, शिक्षण, आवडता रंग, आवडता पदार्थ. करावा का? – चिकोडी

हौस असेल तर करा. माझ्या कॉम्प्युटरमध्ये असे हजारो तक्ते आहेत, त्यातला एकही चालत माझ्या गोष्टीत आला नाही. एक रकाना मात्र जरूर वाढवा: हा माणूस काय लपवतोय, आणि कुणापासून. तो भरला की आवडता रंग आपोआप सुटतो. नाही सुटला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: आमच्या अभ्यासक्रमात सपाट आणि गोल पात्रं असा भेद आहे. चांगल्या लेखकाची सगळी पात्रं गोल असावीत का? – एम. ए. मराठी, टिळकवाडी

हा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचा. सपाट पात्र एकाच गुणावर उभं असतं, गोल पात्राला अनेक बाजू असतात. १९२७ साली केंब्रिजला त्यांनी व्याख्यानं दिली, त्यात आला. परीक्षेत लोक लिहितात की सपाट म्हणजे वाईट. फॉर्स्टरनी तसं म्हटलेलं नाही. सपाट पात्रांचे फायदे त्यांनीच सांगितलेत. ती आली की लगेच ओळखू येतात आणि नंतरही लक्षात राहतात. त्यांची गोल पात्राची कसोटी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: ते आपल्याला चकित करतं, पण पटेल असं.

सीबीटीवरून, म्हणजे आमच्या मुख्य बसस्थानकावरून, खानापूरची लाल गाडी पकडा. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून ओरडतो, गाडी सुटते, तुमची नायिका खिडकीतून बघत आपल्या विचारात. त्या कंडक्टरला आजारी आई देऊ नका. त्याला सुटे पैसे मागू दे. सगळ्यांना आतलं दुःख द्यायला लागलात तर गाडी खानापूरला पोचायची नाही. हां, त्यानं नायिकेचं तिकीट फाडताना उगाच चेहऱ्याकडे बघून उरलेले दोन रुपये न मागता परत दिले, तर सांभाळा. तो गोल व्हायला लागलाय, आणि पुढं त्याला गोष्टीत काम द्यावं लागेल.

प्रश्न: माझी गोष्ट ‘मी’ सांगते. आपला स्वभाव आपणच कसा सांगणार? मी फार सहनशील आहे, असं ती म्हणाली तर बरं दिसत नाही. – गृहिणी, शहापूर

म्हणू दे की तिला! वाचकानं त्यावर विश्वास ठेवायला पाहिजे असं कुठं आहे? माझ्या टेबलाशी येऊन ‘माझं काही म्हणणं नाही हो’ अशी सुरुवात करणारं माणूस अर्ध्या तासानं न्हाणीघराच्या भिंतीतल्या वाट्यावर येतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच वाटत असतं की आपलं काही म्हणणं नाही.

‘मी’ची गंमत या फटीत आहे. जे सांगणाऱ्याला कळलेलं नाही, ते ऐकणाऱ्याला कळतं. हरिभाऊ आपट्यांची यमू तुम्हाला आठवत असेल, ‘पण लक्षात कोण घेतो’मधली. १८९० च्या सुमाराची कादंबरी, आणि सगळी हकीकत एक बाई स्वतःच्या तोंडून सांगतेय, लहानपणापासून. लहान यमूला घरात काय चाललंय ते पुरतं कळत नाही, ती आपली बघितलेलं सांगते. आपल्याला मात्र कळतं, आणि तिच्या आधी कळतं म्हणून जीव कळवळतो. तिनं ‘मी किती सोसलं’ अशी सुरुवात केली असती तर कोण थांबलं असतं?

तुमच्या सहनशील बाईला स्वयंपाकघरात उभी करा आणि सांगू दे तिला, की जावेनं काय काय केलं. फक्त तारखांसकट सांगू दे. बारा वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला कुणी कुठली साडी नेसली होती इथपर्यंत. सहनशीलतेचं वजन तिथं कळेल.

प्रश्न: माझी एक गोष्ट दिवाळी अंकात आली. शेजारच्या काकूंनी त्यात स्वतःला ओळखलं आणि बोलणं टाकलं. मी त्यांचंच घेतलं होतं हे खरं आहे. आता काय करू? आणि पुढं माणसं आणायची कुठून? – कंग्राळी

काकूंकडे जा. स्पष्टीकरण देऊ नका, नुसतं जाऊन बसा. लागलं ते काय, ते तुम्हाला वाटतंय ते नसेल कदाचित.

माणसं आणायची ती गल्लीतूनच, दुसरीकडून कुठून? पण लकब एकाची घ्या, प्रसंग दुसऱ्याचा, घर तिसऱ्याचं. लकब आणि प्रसंग दोन्ही एकाचेच घेतलेत की ती गोष्ट राहत नाही, चहाडी होते. शिवाय खऱ्या माणसाला धरून बसलात की पात्राला हलता येत नाही. ‘काकू असं करणार नाहीत’ म्हणून तुम्ही अडून राहता, आणि गोष्टीतली बाई मात्र ते करायला निघालेली असते.

एवढं शहाणपण मला उशिरा आलं. आमच्या आवाराबाहेर एक चहावाला आहे. माझ्याच वयाचा, रोजचा. त्याला मी गोष्टीत घातला. नाव बदललं, मिशी दिली, गाडा उचलून खानापूर स्टेशनसमोर नेऊन ठेवला. दुधात पाणी घालतो हे मात्र तसंच ठेवलं, कारण ते करताना तो तांब्या ज्या पद्धतीनं अंगाआड धरतो, ते मला सोडवेना. आणि गोष्टीला धार हवी म्हणून त्याला एक भाऊ दिला, ज्याच्याशी तो अठरा वर्षं बोललेला नाही.

अंक आला. आठवड्यानं तो माझ्या टेबलाशी, अंक घडी करून काखेत. कुणीतरी वाचून दाखवलं असणार. मी मनात म्हटलं, पाण्यावरून आता चारचौघांत शोभा होणार. चहाचा ग्लास ठेवला त्यानं, आणि हळू आवाजात म्हणाला, ‘पाणी घालतो लिहिलंस, चालतंय. अख्ख्या कोर्टाला ठाऊक आहे. पण भावाचं तुला कोण सांगितलं?’

भाऊ मी मनानंच घातला होता. तसं त्याला सांगितलं, शपथेवर सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. समोरच्या स्टुलावर बसला, आणि त्याच्या गल्लीतल्या दोघांची नावं घेऊन, यातला कोण, म्हणून विचारत राहिला.